पाण्याची उडी, पाण्याची चढण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हिंगोलीकरांना येलदरीचं नाव नवीन नाही. धरण परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्याच्या नावावर असलं, तरी पूर्णेचं पाणी खाली उतरून औंढा तालुक्यातल्या सिद्धेश्वरला अडतं आणि तिथून कालव्याने वसमतच्या उसाला, केळीला, हळदीला जातं. 1999 साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, पण नदीने काही वाटणीपत्र केलं नाही. ही दोन्ही धरणं 1968 च्या सुमारास उभी राहिली. येलदरीच्या पायथ्याशी वीजघर आहे. साडेसात मेगावॉटचे तीन संच, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॉट. आज हजार-दोन हजार मेगावॉटच्या गोष्टी ऐकणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण या वीजघरात एक मोठी गोष्ट घडते. पाणी आधी वीज देतं आणि मग शेताला जातं. एकाच पाण्याची दोन कामं.

मी कवितेचा माणूस. पाण्याकडे मी शब्दांच्या वाटेनेच जातो. फारसीत पाण्याला ‘आब’ म्हणतात, आणि आब म्हणजे तेज, इज्जतसुद्धा. मराठीने तो शब्द घेतला तो इज्जतीच्या अर्थाने. आपण आब राखून वागतो. निजामाच्या राजवटीत कागदोपत्री सिंचनाला ‘आबपाशी’ म्हणत. पण आज मला बोलायचं आहे ते पाण्याच्या हिशेबाबद्दल. पाणी खाली पडताना किती देतं आणि वर चढवताना किती घेतं, याचा हिशेब माणसाने कसा शिकला, त्याचा हा इतिहास.

हिशेब तसा सोपा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ते एक मीटर उचलायला सुमारे 9.8 ज्यूल ऊर्जा लागते. तेच पाणी एक मीटर खाली पडलं तर तेवढीच ऊर्जा परत मिळायला हवी. ‘हवी’ असं म्हणतो, कारण प्रत्यक्षात तेवढी कधीच मिळत नाही. जेवढी घातली त्यातली किती कामी आली, याचं प्रमाण म्हणजे कार्यक्षमता. ज्यूल, वॉट ही नावं साहेबाची. पण हिशेब आपल्या विहिरीवर फार आधीपासून चालू होता.

मोट आठवा. चामड्याची मोट, जाड नाडा, बारीक सोंदूर, वर चाक, पाणी ओतायला थारोळं आणि बैलांसाठी उताराची धाव. ही धाव उताराचीच का असते? भरली मोट ओढताना बैल खाली उतरत असतात, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजनही नाड्याला लागतं. मोट रिकामी झाली की ते मोकळ्या अंगाने चढ चढून परत येतात. जड काम उतारावर, हलकं काम चढावर. ज्या कोणी ही धाव पहिल्यांदा आखली, त्याला यंत्रशास्त्राची पदवी नव्हती, पण ऊर्जेचा हिशेब पक्का होता.

आकडा मांडून पाहू. मोटेत दीडशे लिटर पाणी, विहीर दहा मीटर खोल आणि मिनिटाला एक मोट असं धरलं, तर निव्वळ पाणी उचलण्याचं काम सुमारे 245 वॉटचं होतं. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॉट. म्हणजे बैलजोडी थारोळ्यात टाकते ती एक तृतीयांश हॉर्सपॉवर. हे हॉर्सपॉवरचं माप जेम्स वॉटने अठराव्या शतकात रुळवलं. त्याला वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाईक विचारायचं, तुझं यंत्र किती घोड्यांचं काम करेल? आपल्याकडे घोडा मोटेला जुंपला नाही, तरी शेतकरी आजही ‘पाचची मोटर’, ‘साडेसातची मोटर’ म्हणतो, ते याच घोड्यांच्या हिशेबाने.

आता उलट बाजू, म्हणजे पाण्याने काम करायची. मराठवाड्यात त्याचा सगळ्यांनी पाहिलेला नमुना म्हणजे औरंगाबादची, आजच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. मलिक अंबर हा हबशी गुलामगिरीतून वर आलेला वजीर. त्याने 1610 साली खडकी वसवली आणि शहराला जमिनीखालच्या नहरींनी पाणी दिलं. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात अशाच एका नहरीचं पाणी डोंगराकडून आणून उंच भिंतीवरून खाली सोडलं गेलं, आणि त्या धारेवर जातं फिरू लागलं. फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी तिथे पीठ दळलं जाई. बैल नाही, माणूस नाही, दळणारं पाणीच.

पण पडणाऱ्या पाण्यातलं किती काम दळणात उतरतं आणि किती नुसतं उडून जातं? हे मोजून पाहिलं इंग्लंडच्या जॉन स्मीटनने. 1759 साली त्याने पाणचक्क्यांचे छोटे नमुने करून प्रयोग मांडले. चाकाच्या खालच्या अंगाला प्रवाहाचा नुसता धक्का बसला तर पाण्याची दोन तृतीयांशाहून अधिक ताकद वाया जाते. तेच पाणी चाकाच्या माथ्यावरच्या खणांत भरून वजनाने उतरू दिलं, तर दोन तृतीयांशाच्या आसपास ताकद हाती लागते. पाणी आदळलं की वाया जातं, सावकाश उतरलं की कामी येतं. पुढच्या दीडशे वर्षांतला टर्बाइनचा प्रवास याच एका वाक्याभोवती फिरला. फ्रान्समध्ये फूर्नेरोंने 1827 मध्ये चालणारं टर्बाइन केलं, अमेरिकेत फ्रान्सिस आणि पेल्टन यांनी आपापले प्रकार काढले आणि 1913 च्या सुमारास काप्लानने कमी उंचीच्या, भरपूर पाण्याच्या नद्यांसाठी पाती वळवता येतील असं टर्बाइन तयार केलं. सगळ्यांची खटपट एकच होती. पाणी पात्यावर आपटू नये, अलगद सरकावं आणि आपली ताकद ठेवून बाहेर पडावं. चांगलं टर्बाइन आज शंभरातले नव्वद भाग कामाला लावतं.

महाराष्ट्रात हे तंत्र मोठ्या प्रमाणावर आलं 1915 साली, खोपोलीला. जमशेटजी टाटांचं ते स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर पुरं झालं. घाटमाथ्यावरचं पाणी पाचशे मीटरहून खाली सोडून मुंबईच्या गिरण्या चालवल्या गेल्या. 1962 मध्ये कोयना आली आणि काही वर्षांतच येलदरी.

पंपाचा इतिहासही इथलाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. (हे साताऱ्याकडचं औंध, आपलं औंढा नव्हे.) लोखंडी नांगरामागून तिथे पंप तयार होऊ लागले. पंप म्हणजे उलटं टर्बाइनच. तिथे पाणी चाक फिरवतं, इथे चाक पाण्याला फेकतं. घाटघर प्रकल्पात तर 2008 पासून तेच यंत्र मागणी कमी असताना पंप म्हणून पाणी वर चढवतं आणि मागणीच्या वेळी टर्बाइन म्हणून वीज देतं. चढवायला लागलेल्या विजेतली साधारण पाव वीज या येरझाऱ्यात जाते.

आता आपल्या शिवाराचा हिशेब करू. टर्बाइनमधून पाण्याने पंचवीस मीटरची उडी घेतली असं धरू. एक लिटर पाण्यात 245 ज्यूल होते. टर्बाइन आणि जनित्र मिळून शंभरात पंच्याऐंशी मिळाले, तर 208 ज्यूल वीज झाली. तेच पाणी कालव्याने गेलं, जमिनीत मुरलं आणि कुणाच्या विहिरीला पाझरलं. शेतकऱ्याने ते दहा मीटर उचललं. कामाचे खरे ज्यूल 98. पण मोटर दोनदा जळून वाइंडिंग केलेली, तिची कार्यक्षमता शंभरात ऐंशी. पंप जुना, पन्नास. फूटव्हॉल्व्ह, अरुंद पाइप, जागोजागी बेंड, त्यातून उरले सत्तर. तिन्हींचा गुणाकार केला की शंभरात अठ्ठावीस उरतात. म्हणजे 98 ज्यूलच्या कामाला 350 ज्यूल वीज खर्च झाली.

पंचवीस मीटर उतरताना पाण्याने 208 दिले आणि दहा मीटर चढताना 350 खाल्ले! तोच पंपसंच शंभरात छप्पन्नाचा असता, तर 175 मध्ये भागलं असतं आणि काही शिल्लकही राहिलं असतं.

यात शेतकऱ्याला बोल लावणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. व्होल्टेज कमी मिळतं म्हणून तो गरजेपेक्षा मोठी मोटर बसवतो. वीज रात्री येते, म्हणून मिळेल तेवढ्या तासांत पाणी ओढून घेतो. विहीर खोल गेली तरी पंप तोच राहतो, कारण नव्याला पैसे नसतात. वर्षानुवर्षं पुष्कळ कृषिपंपांचं बिल युनिटवर नाही, हॉर्सपॉवरवर आकारलं गेलं. 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना राज्यात वीज मोफत झाली. कोरडवाहू मुलखात हा दिलासा मोठा आहे. पण जिथे मोजणीच नाही, तिथे वाया किती जातं हे कुणालाच दिसत नाही. ना देणाऱ्याला, ना घेणाऱ्याला.

मोजून पाहिलं की काय होतं, याचं उदाहरण राज्यातच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागात देशातला या प्रकारचा पहिला पथदर्शी प्रकल्प झाला. दोन हजारांहून अधिक जुने पंप काढून तिथे कार्यक्षम पंप बसवले गेले आणि कमी विजेत पाणी मिळू लागलं. आता सौर पंप येत आहेत. तिथे हिशेब आणखी कडक आहे. पॅनेल देईल तेवढीच वीज. पंप सुस्त असला तर पाणी तितकं कमी. सूर्य उधारी देत नाही.

शेतकरी बांधवांना एवढंच सांगावंसं वाटतं. मोटर बदलायच्या आधी पाइप बघा. फूटव्हॉल्व्ह अडलेला आहे का, पाइप अरुंद आहे का, विहिरीच्या खोलीला पंप साजेसा आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. आणि कारभाऱ्यांना सांगणं हे की वीज फुकट द्यायची तर जरूर द्या, पण सोबत चांगला पंप आणि पुरतं व्होल्टेजही द्या. आपल्या पणजोबांनी धाव उताराची ठेवली होती, ती बैल दमू नये म्हणून. बैलाच्या जागी मोटर आली, तरी तेवढा विचार करायला काय हरकत आहे?