घर आधी की बैल आधी?

परवा रात्री साडेअकराला अमेरिकेतल्या मित्राचा फोन आला. कॉलेजातला रूममेट. टेक्सासात असतो, नोकरी पूर्णपणे घरून. आता भाड्याचं घर सोडून नवरा-बायको कायमचे चाकांवरच्या घरात राहायला जाणार आहेत म्हणे. त्यासाठी ट्रेलर निवडायचाय, आणि मी मेकॅनिकल शिकून आयटीत आलेला (पुण्यातल्या निम्म्या आयटीसारखाच), तेव्हा हिशोब तपासायला मी!

त्याला हवाय तो 'फिफ्थ व्हील'. म्हणजे पाचवं चाक, पण ते चाक नव्हेच. जुन्या घोडागाड्यांत पुढचा आस वळावा म्हणून एक आडवं लोखंडी कडं असायचं, त्याचं हे नाव. ते पुढे ट्रकच्या जोडाला चिकटलं. हा ट्रेलर मागच्या बंपरला अडकवत नाहीत. पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसावर जोड असतो, त्यावर त्याची मान टेकते.

साहेबांनी सहा घरांचे नकाशे पाठवले. एकात मधोमध ओटा, एकात खोटी शेकोटी, एकात कपडे धुवायचं मशीन. मी विचारलं, "अरे, पण हे ओढणार कोण?" तर ह्याच्याकडे साधा हाफ-टन पिकअप. सामान आणि पाणी भरून ट्रेलर होतो ६,३५० किलोचा. फिफ्थ व्हीलचं साधारण १५ ते २५ टक्के वजन जोडावर, म्हणजे पिकअपच्या पाठीवर येतं. २० टक्के धरले तरी १,२७० किलो. ह्याच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर क्षमता लिहिलीये ७५० किलो, तीही दोन माणसं आणि एक कुत्रं धरून. संपला विषय!

माझ्या आजोबांना हे स्टिकरशिवाय कळायचं. बैलगाडीत माल मागे जास्त गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त गेला की सगळा भार बैलांच्या मानेवर. त्यामुळे गाडी भरताना ते आधी गाडीकडे नाही, बैलांकडे बघायचे.

फोन ठेवला, पण झोप येईना. कारण हाच प्रश्न गेल्या दिवाळीत मी गावी ऐकला होता.

माझं गाव साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. नावात साखर आहे, पण ऊस तोडायला माणसं इथून लांब जातात. जवळच्या तांड्यावर माझा शाळेतला मित्र राहतो. दिवाळीत भेटलो तेव्हा तो एकाच विचारात होता: यंदा ट्रॅक्टरच्या टोळीत जायचं की बैल घेऊन गाडीवर? पाच-सहा महिने ज्यावर संसार चालवायचा ते वाहन निवडायचं होतं त्याला. फक्त त्याच्याकडे नकाशे नव्हते, मुकादमाची उचल होती.

त्याचा तांडा बंजाऱ्यांचा. शाळेत असताना तांडा म्हणजे गावाबाहेरची वस्ती एवढीच माझी अक्कल. नंतर वाचताना कळलं की तांडा मुळात वस्ती नव्हताच. तांडा म्हणजे चालती मालगाडी. पीटर मंडी नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात असा एक तांडा भेटला, धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा! बायका, पोरं, सगळा संसार बरोबर. दिवसाला सहा-सात मैल, तेही उन्हं नसताना, आणि मुक्कामी ओझी उतरवून बैल चरायला मोकळे. त्याच शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए सांगतो की अरुंद वाटेवर समोरून दहा-बारा हजार बैल आले तर दोन-तीन दिवस थांबून राहावं लागे. (हिंजवडीवाल्यांनी नोंद घ्यावी.)

आता इंजिनिअरला पडणारा प्रश्न. ह्या लोकांनी एवढे बैल असताना सरळ गाड्या का नाही वापरल्या? एका बैलाच्या पाठीवर धरा १३० किलो. तीच जोडी गाडीला जुंपली तर बऱ्या रस्त्यावर टनभर ओढेल. म्हणजे बैलामागे जवळपास चौपट माल.

पण "बऱ्या रस्त्यावर" इथेच घोडं अडतं. आमच्याकडची काळी माती पाऊस पडला की चाक गिळते. घाट आहेत, नद्यांवर पूल नाहीत. गाडीचा आस मोडला की टनभर माल तिथेच. पाठीवरच्या गोणींचा एक बैल मेला तर ओझं बाकीच्यांत वाटून पुढे चालायचं. आमच्या भाषेत, एक सर्व्हर पडला म्हणून सिस्टिम पडत नाही. शिवाय इंधन वाटेवर फुकट उगवतं. पावसाळ्यात मात्र सगळा तांडा एका जागी थांबायचा. १४,००० बैल म्हणजे सुमारे १,८०० टन, आजच्या भरलेल्या मालगाडीच्या जवळपास निम्मा माल. आणि घर? घर म्हणजे पाल. ते बैलावर जाईल एवढंच ठेवायचं, बाकी किमती जिन्नस बायकांच्या अंगावर. आधी बैल, मग माल, उरलेल्या जागेत घर. बंजारा समाज ह्या फिरतीला लदेणी म्हणतो.

ह्यावर फौजा जगल्या. १७९१ मध्ये टिपूवर चालून गेलेला कॉर्नवॉलिस काय, १८०३ मध्ये आपल्या जालन्याकडे असईला लढलेला वेलस्ली काय, दोघांचंही धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवरून यायचं. आपण इतिहासात तलवारी वाचतो, गोणी वाचत नाही. असो.

मग रेल्वे आली. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, १८६३ ला बोरघाट, १८६७ ला नागपूर. कोकणातलं मीठ घाटावर आणायला आता बैल लागेना. लदेणी संपली. वाईट एवढंच नाही. १८७१ ला इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि फिरतं घर असणं हाच संशय झाला. ज्यांच्या भरवशावर वेलस्ली जेवला, त्यांच्या नातवंडांकडे पोलीस बघायला लागले! तो कायदा जाऊन ३१ ऑगस्ट १९५२ ला ह्या जमाती सुटल्या. महाराष्ट्रात बंजारा आजही विमुक्त जातींच्या यादीत आहेत. त्याच समाजातले, आमच्याकडून फार लांब नसलेल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, हेही सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल सगळा तांडा कोयता घेऊनच फिरतो. माझ्या मित्राचा चुलतभाऊ शिक्षक आहे.

इकडे १९५० ला प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग एकेक करत कारखाने वाढले आणि दरवर्षी घर बांधून निघायचं एक नवं कारण आलं.

तर मित्राचा हिशोब असा. ट्रॅक्टरच्या टोळीत गेलं तर बैलांचा खर्च नाही, वैरणीची कटकट नाही. पण एक फड संपला की कोपी मोडायची, ट्रॉलीत टाकायची, दुसऱ्या गावी उभी करायची. भरायला ट्रॉली रात्री दोनला आली तरी उठायचं. गाडीवर गेलं तर बैल विकत घ्यावे लागतात, आजारी पडले तर हंगाम बुडाला, आणि कारखान्याच्या गेटवर रात्रभर नंबर. मात्र बैलगाडी लांब जाऊ शकत नाही. म्हणून गाडीवाल्यांचा तळ कारखान्याच्या आसपास, हंगामभर एकाच जागी.

"पोरगी दुसरीत हाय रे," तो म्हणाला. "एका जागी ऱ्हायलं तर शाळंत तरी बसंल."

त्याची बायको आतून म्हणाली, "आन् बैलाचं शेण कोण काढनार? मीच ना?"

तो काही बोलला नाही. शेवटी बैल घेतले त्यानं. ज्यांच्या पणजोबांनी चालत राहायला बैल निवडले, त्यांनी थांबायला मिळावं म्हणून बैल निवडले. मला हे तेव्हा सुचलं नव्हतं, परवा रात्री सुचलं. निघायच्या दिवशी टेम्पोत काय काय चढलं ते मी पाहिलंय: बांबू, ताडपत्री, दोन पेट्या, पिठाचा डबा, पाण्याची टाकी, सोलरचा दिवा, एक कोंबडी आणि पोरीचं दप्तर. त्याच्या मागे बैल.

अमेरिकेतला मित्र आता आधी मोठा ट्रक बघतोय. शेकोटी रद्द झालीये.

काल सकाळी तळावर फोन लावला. बैल ठीक आहेत. पोरीला जवळच्या शाळेत बसू देतात. पण आठवड्यातले दोन-तीन दिवस ती कोपीवरच असते. दोघं फडात गेले की धाकट्याला बघायला दुसरं कुणी नाही.