भांडुपचा रॉक : बेंजो पार्ट्यांचा न लिहिलेला इतिहास

मुंबईच्या रॉक संगीताचा इतिहास आता बऱ्यापैकी नोंदला गेला आहे. ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडच्या तबकड्या 1970 आणि 1971 साली निघाल्या. जगभरचे संग्राहक आजही त्या शोधतात. 1984 साली ‘रॉक मशीन’ हा बँड सुरू झाला, 1993मध्ये तोच ‘इंडस क्रीड’ झाला. 1986पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ गाजू लागलं. या इंग्रजी दुनियेत एक ठळक मराठी नावही आहे, नंदू भेंडे. 1974च्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्यूडास गायला आणि 1978 साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त तोच आवाज मराठी रंगभूमीवर आणला.

या इतिहासात भांडुप कुठेच नाही. आमच्याकडे बँड नव्हते, असा याचा अर्थ नाही. होते, आणि भरपूर होते. विजेवर चालणारं तारवाद्य, त्याला जोडलेला अॅम्प्लिफायर, हातगाडीवर बांधलेले पोंगे आणि मागे ढोल-ताशा बडवणारी अठरा-वीस वर्षांची पोरं. फक्त त्यांना कुणी रॉक बँड म्हणत नव्हतं. लोक म्हणायचे, ‘बेंजो पार्टी’.

जपानहून आलेलं वाद्य

मुंबईचा बेंजो म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे. 1912 साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य बनवलं. पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. शिकायला सोपं आणि खिशाला परवडणारं. व्यापाराच्या वाटेने ते हिंदी महासागराच्या काठाकाठाने पसरलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते तारब संगीतात शिरलं, बलुचिस्तानात ‘बेंजू’ झालं, आपल्याकडे ‘बुलबुल तरंग’ झालं आणि मुंबईच्या गल्लीत ‘बेंजो’.

मुस्लिम वाचकांना या वाद्याची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. कव्वाल पार्टीत हार्मोनियम, ढोलक आणि टाळ्यांच्या जोडीला हाच बेंजो वाजायचा. 1958च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातल्या कव्वालीने इस्माईल आझाद घराघरात पोहोचले. पुढे शकीला बानो भोपाली आणि अझीझ नाझाँ यांच्या काळात कव्वाली उरुसाच्या मंडपातून थेट तिकीट लावलेल्या रंगमंचावर आली. मोहल्ल्यातल्या पोरांनी कव्वालीत जे वाद्य ऐकलं, तेच त्यांना गणपतीच्या मिरवणुकीतही ऐकू येत होतं. फरक चालीचा होता, वाद्य एकच होतं.

भांडुपच का?

त्या काळचं भांडुप म्हणजे लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने आणि त्यामागे टेकडीवर चढत गेलेल्या वस्त्या. सिएटचे टायर, एशियन पेंट्सचे रंग, जीकेडब्ल्यूचं लोखंडी काम. या कारखान्यांच्या आधाराने टेंभीपाडा, कोकणनगर, सोनापूर, खिंडीपाडा भरत गेले. कोकणातले चाकरमानी, घाटावरचे मराठे आणि दलित, उत्तर भारतातून आलेले मुसलमान, गावठाणातले मूळचे आगरी-कोळी, सगळे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहत होते.

अशा वस्तीत गिटार आणि ड्रमसेट घेणं कुणाच्या आवाक्यात नव्हतं. सरावाला बंद खोली नव्हती. पण बेंजो परवडत होता आणि त्याला काम होतं. आगरी-कोळ्यांची हळद, दहीहंडी, गणपती, शिमगा, आंबेडकर जयंती, लग्नाची वरात, दर्ग्याचा संदल. एक सुपारी मिळाली की पंधरा पोरांच्या हातात चार पैसे पडायचे. 1980 आणि 90च्या दशकांत गिरण्यांपाठोपाठ उपनगरातले कारखानेही आखडू लागले. ज्या घरात बापाला ‘कंपनी’ होती, त्या घरातल्या मुलाला ती मिळेना. त्यातल्या काहींना बेंजो पार्टीने हंगामापुरती का होईना कमाई दिली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नाव दिलं. अमक्या गल्लीचा बेंजोवाला, तमक्या पाड्याचा ताशेवाला ही ओळख दूरवर चालायची.

पलीकडे पवईच्या आयआयटीत ‘मूड इंडिगो’ महोत्सवात कॉलेजचे रॉक बँड स्पर्धा करत होते. मध्ये अंतर जेमतेम काही किलोमीटरचं. तिकडच्या पोरांवर इंग्रजी वर्तमानपत्रांत रकाने छापून येत. इकडच्या पोरांची नोंद फारतर मंडळाच्या जमाखर्चाच्या वहीत, ‘बेंजो’ या शब्दापुढे लिहिलेल्या रकमेत.

मशिदीसमोरची शांतता

बेंजो पार्ट्यांमध्ये मुस्लिम पोरं असायची. कुणी बेंजोवर, कुणी ढोलकीवर. त्यावर घरात वादही व्हायचे. संगीत जायज की नाजायज, हा प्रश्न काही मौलवींनी कालपरवा काढलेला नाही. कोकणी घरांमध्येही तो होता. तरीही माहीमला मखदूम अली माहिमींच्या उरुसात पहिला संदल मुंबई पोलीस काढतात आणि मिरवणुकीत बँड वाजतो. आपल्या समाजाचं संगीताशी असलेलं नातं फतव्यांपेक्षा नेहमीच जास्त गुंतागुंतीचं राहिलं आहे.

दुसरी गुंतागुंत मिरवणुकीची. मशिदीसमोरची वाद्यं हा या शहरातला शंभर वर्षांहून जुना वाद आहे. 1893च्या मुंबईच्या दंगलीनंतर तो पुन्हा पुन्हा पेटत राहिला. पण ज्या पार्टीत बेंजोवर अस्लम आणि ताशावर गणेश अशी जोडी असते, तिथे मशीद आली की कुणाला ओरडून सांगावं लागत नाही. हात आपोआप थांबतात, पुढच्या वळणावर पुन्हा सुरू होतात. लहानपणी हे आम्हाला इतकं साहजिक वाटायचं की त्यात काही विशेष आहे, असं मनातही आलं नाही. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 नंतर ते साहजिक राहिलं नाही. मुंबईभरातून मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याकडे सरकली. कुठे बेंजोवाला गेला, कुठे त्याला बोलावणं थांबलं. पार्ट्या वाजत राहिल्या, पण त्यातली सरमिसळ पातळ होत गेली.

दोन शेवट

2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात धरला गेला आणि रंगभवनातल्या रॉक मैफिली थांबल्या. जुलै 2005मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरवर बंदी कायम केली. नियम योग्यच होते, आजारी माणसाला झोप हवीच. पण एकाच नियमाचे दोन शेवट झाले. रंगभवनासाठी लेख लिहिले गेले, हळहळ व्यक्त झाली. बेंजोचं संपणं कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण त्याची जागा डीजेने आधीच घ्यायला सुरुवात केली होती. पंधरा जणांचं काम एका टेम्पोवर दोन माणसं करू लागली आणि आवाज कमी होण्याऐवजी वाढला. 2016मध्ये रवी जाधव यांचा ‘बँजो’ आला, तेव्हा पडद्यावर रितेश देशमुख होता. गल्लीतले मूळ वादक तोवर रिक्षा चालवत होते किंवा आखातात गेले होते.

रॉक म्हणजे नक्की काय, यावर जाणकार वाद घालतील. मला एवढंच दिसतं की विजेवरचं वाद्य, कामगार वस्ती, बेरोजगार तरुण आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी हे सगळं लिव्हरपूलच्या इतिहासात कौतुकाने लिहिलं जातं. भांडुपमध्ये मात्र त्याला ‘गोंगाट’ म्हणतात.

त्या पार्ट्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत. पुरावा उरला आहे तो लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटींमध्ये. नवरदेवाच्या घोड्यापुढे दोन मिनिटं दिसणारी ती पोरं, घामाने भिजलेले शर्ट, मागे पोंग्यांची गाडी. या कॅसेटी बुरशी लागून चालल्या आहेत आणि वादक साठीकडे झुकले आहेत. हिंदू-मुस्लिम एकोप्याचे दाखले आपण सूफी-संतांच्या काळात शोधत फिरतो. तीस वर्षांपूर्वीचा एक दाखला आपल्याच कपाटात पडलेला आहे. ज्यांच्या घरी अशी कॅसेट असेल, त्यांनी ती या वर्षीच उतरवून घ्यावी आणि त्यात दिसणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहून ठेवावं.