साध्या शिपायाचं गाणं कुणी गायलं?

आजचा भाग मी माझ्या गावातून, चांदूर रेल्वेतून रेकॉर्ड करतोय. मध्येच एखादी गाडी धडधडत गेली तर सांभाळून घ्या.

आमच्या इथे पहाटे पाचला रस्त्यावर पोरं पळताना दिसतात. सैन्यभरतीची तयारी, १६०० मीटर. माझा मामेभाऊही त्यातलाच. परवा त्याला विचारलं, "पयताना कानात काय ऐकतं रे?" तो म्हणे, "तानाजीचा पोवाडा. अंगात जोर येते ना दादा." तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय. हा पोरगा भरती झाला, तर तानाजी नाही होणार. तानाजीच्या मागून कडा चढणाऱ्यांतला एक होणार. त्या एकाचं गाणं कुठे आहे?

म्हणून इंग्रजांच्या काळातला साधा शिपाई कवितेत शोधायला बसलो. सुरुवात केली १८९० च्या दशकापासून.

१८९१ मध्ये अॅकवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत जुने मराठी पोवाडे गोळा करून छापले. फार मोठं काम. पण पुस्तकाचं नाव बघा: 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे'. नावातच उत्तर आहे. प्रसिद्ध असाल तर आत या! यात अॅकवर्थचा दोष नाही. शाहिराला बिदागी सरदार देणार, शिपाई कुठून देणार?

पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, रुडयार्ड किपलिंगचं 'बॅरॅक-रूम बॅलड्स' आलं. हा माणूस १८६५ मध्ये आपल्या मुंबईत जन्मलेला. त्याने गोऱ्या शिपायाला त्याच्याच अडाणी बोलीत बोलायला लावलं. शांततेच्या काळात गुत्त्यातून हाकलून देतात आणि लढाई आली की डोक्यावर घेतात, ही त्या शिपायाची तक्रार. त्यातच 'गंगा दीन' नावाचा भिस्तीही आहे, गोळ्यांच्या माऱ्यात पाणी पाजणारा. पण त्याची गोष्ट सांगतो कोण? गोरा सोल्जर.

आणि मराठीत? १८९८ मध्ये केशवसुतांनी 'नवा शिपाई' लिहिली. नाव वाचून मी खूश झालो. पण तो शिपाई बराकीतला नाही. जुन्या जगाशी, जातीपातीशी भांडणारा नव्या विचारांचा माणूस आहे तो. कविता थोर, पण पगाराची वाट बघणारा शिपाई तिच्यात नाही.

आता तुम्ही म्हणाल, वऱ्हाडाचा यात काय संबंध? तर ऐका. निजामाच्या नावाने इंग्रजांनी उभी केलेली एक फौज होती, हैदराबाद कंटिन्जंट. तिचा खर्च थकला, म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. म्हणजे आपल्या काळ्या मातीतल्या शेतसाऱ्यातून त्या शिपायांचा पगार निघत होता! एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, त्यांची छावणी होती. जवळपास ५० वर्षं हे चाललं. शिपायाला पोसलं आपण, पण त्याचं नाव आपल्या ओठावर नाही.

मग शिपाई स्वतः काय बोलला? त्याच १८९० च्या दशकात सैन्यात महारांची भरती बंद झाली. तेव्हा निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी सरकारसाठी अर्ज लिहिला. ती कविता नव्हे, हक्काची मागणी. पण पलटणीत राहिलेला माणूस इथे स्वतःच्या तोंडाने बोलतो.

आणि पहिलं महायुद्ध. १९१४ मध्ये हिंदी पलटणी फ्रान्समध्ये उतरल्या. घरी जाणारी पत्रं सेन्सॉर उघडून वाचायचा. कित्येक शिपायांना लिहिता येत नव्हतं, दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. मग खरं सांगायचं कसं? त्यांनी युक्ती काढली. पत्रात लिहायचं काळी मिरी आणि लाल मिरची. काळी मिरी म्हणजे आपले लोक, लाल मिरची म्हणजे गोरे. कुणाला जास्त वापरलं, कुणाला राखून ठेवलं, हे घरच्यांना बरोबर कळायचं.

मला विचाराल तर साध्या शिपायाची कविता ही. मोठ्यांना कविता लागली गाजण्यासाठी. याला उपमा लागली ती आईपर्यंत खरी बातमी पोचवण्यासाठी.

फ्रान्समधून ही पत्रं लिहिणारे बहुतेक उत्तरेकडचे. आपल्या मराठा पलटणी होत्या मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कूतला वेढा पडला. आत १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. उपासमार झाली, शेवटी शरणागती, मग कैद. इतकं सोसूनही त्यांचं गाणं आपल्या पाठ्यपुस्तकात मला कधी भेटलं नाही.

पण एक जागा शिल्लक आहे. जातं. आपल्या आज्या दळता दळता ओवीत भावाला, लेकाला आठवायच्या. तिथे बिदागी लागत नव्हती आणि सेन्सॉरही नव्हता.

म्हणून आज होमवर्क देतो. घरात आजी असेल, पणजी असेल, तर तिला विचारा: पलटणीत गेलेल्या कुणाची ओवी येते का? आली तर तिच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करा. गावाचं नाव सांगायला विसरू नका. जुन्या ट्रंकेत पत्र सापडलं तर तेही जपा.

माझा मामेभाऊ म्हणतो, "भरती झालो की माह्यावर पोवाडा कर." मी म्हटलं, करीन. पण तू आधी पत्र लिही, तुझ्या शब्दांत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!