मिग एक, आकडे अनेक

मागच्या थँक्सगिव्हिंगला आम्ही ओहायोतले डेटनचे हवाईदल संग्रहालय पाहायला गेलो. तिथले मिग-२१ पाहून आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे टाकाऊ विमान आहे. गेममध्ये वळवलं की वेगच संपतो!"

माझे मामा नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात फिटर होते. ओझरला मिगचा सांगाडा बने, ओडिशात कोरापूटला इंजिन. त्यामुळे हा शेरा जिव्हारी लागला.

तसे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्रिकोणी पंखांचे विमान जोरात वळवले की वेग झपाट्याने उतरतो. प्रश्न एवढाच, की किती? आणि तो मोजला कुणी?

ऑगस्ट १९६६ मध्ये इराकी वैमानिक मुनीर रेदफा मिग-२१ घेऊन इस्रायलमध्ये उतरला. ते विमान अमेरिकेने उसने आणले आणि १९६८ च्या सुरुवातीला नेवाडाच्या वाळवंटात त्याची १०२ उड्डाणे केली. निष्कर्ष असे: कमी वेगात चपळ, पण १५,००० फुटांखाली ध्वनीच्या वेगाजवळ गेले की थडथडते, मागचे नीट दिसत नाही, इंजिन सावकाश जोर धरते. तेव्हा गुप्त असलेला हा अहवाल आज कुणालाही वाचता येतो.

गोम इथेच आहे. ते विमान होते सुरुवातीचे एफ-१३, इंजिनाचा कमाल जोर सुमारे ५,७४० किलो. ओझरला पुढे बनलेल्या 'बिस'चा ७,१०० आणि कमी उंचीवर, तीन मिनिटांपुरता, ९,९००! चिरंजीवांच्या गेममध्ये मात्र नुसते 'मिग-२१' लिहिलेले. म्हणजे थोरल्याची पत्रिका धाकट्याला लावण्यातला प्रकार. २०१४ साली आलेल्या डीसीएसच्या सिम्युलेटरने मात्र 'बिस' हेच मॉडेल निवडून ही जादा जोराची सोयही दिली.

अचूक आकडेही सगळे सांगत नाहीत. १२ डिसेंबर १९७१ रोजी जामनगरजवळ भारतभूषण सोनी यांच्या मिगने पाकिस्तानी एफ-१०४ पाडले. कागदावर दोन्ही विमाने ध्वनीच्या दुप्पट वेगाची. पण झुंज झाली समुद्रालगत, जिथे त्यातले एकही त्या वेगाने उडू शकत नाही.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाले. आता त्याची ओळख उरणार ती संग्रहालयात आणि पडद्यावर. म्हणूनच आकडे नीट हवेत. हल्ली गेममध्ये हरले की चिरंजीव आधी विचारतात, "बाबा, हे कुठलं मॉडेल?"

मामांचा भाचेनातू शोभतो खरा!