मंडळाचे दप्तर: खानदेशच्या क्रीडा-इतिहासाची प्रस्तावना

शाळेच्या मैदानाच्या कडेला दोन लोखंडी खांब. त्यांवरच्या लाकडी फळ्यांचे पोपडे उन्हापावसाने उडालेले, रिंगला जाळी नाही. संध्याकाळी एखादे पोर फक्कीचे घमेले घेऊन येते, पुसलेल्या रेषा पुन्हा ओढते आणि बास्केटबॉल सुरू होतो. इथे कोणते मंडळ खेळायचे, ते कोणी काढले, पहिला चेंडू कोणाच्या वर्गणीतून आला, असे विचारले की सगळे एकमेकांकडे बघतात. या अभ्यासक्षेत्राची सुरुवात त्या प्रश्नांपासून होते. त्यात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत.

हा विस्मरणाचा दोष केवळ माणसांचा नाही, स्पर्धांच्या रचनेचाही आहे. इंग्लंडमध्ये 1972 साली राष्ट्रीय बास्केटबॉल लीग सुरू झाली, पुढे तिला खालच्या श्रेणी जोडल्या गेल्या. तळच्या श्रेणीत सगळे सामने हरलेल्या क्लबचेही नाव गुणतक्त्यात राहते, म्हणून त्याचा इतिहास लिहिता येतो. आपल्याकडे मंडळाची पोरे जिल्ह्याच्या निवड चाचणीला जातात, निवडली गेली की राज्य स्पर्धेत ‘जळगाव’ किंवा ‘धुळे’ म्हणून उतरतात आणि त्याहून वर ‘महाराष्ट्र’ म्हणून. दर पायरीला खालचे नाव गळते. म्हणून खानदेशातल्या मंडळांचा इतिहास विजेत्यांच्या याद्यांत शोधून सापडणार नाही. तो मंडळांच्या दप्तरांत आहे.

खेळ स्वतः कुठून आला, हे थोडक्यात. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्डला जेम्स नाईस्मिथ यांनी सज्जाला पीच फळांच्या टोपल्या ठोकून तो सुरू केला. वायएमसीएच्या वाटेने तो भारतात आला. 1920 साली हॅरी बक यांनी मद्रासला काढलेल्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयाचा त्याच्या प्रसारात मोठा वाटा होता. भारतीय महासंघ 1950 चा. खानदेशात मात्र हा खेळ मोकळ्या जागी आला नाही. इथे आखाडे होते, जत्रेतल्या कुस्त्या होत्या, हुतूतू होता. 1860 च्या दशकात रेल्वे आल्यावर भुसावळला रेल्वेची वसाहत वाढली आणि तिच्याबरोबर साहेबी खेळही आले. या सगळ्यांच्या शेजारी बास्केटबॉलने जागा कशी मिळवली, हा संशोधनाचा पहिला मोठा प्रश्न आहे.

त्याला 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकची एक गोष्ट जोडावीशी वाटते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला. सामने उघड्यावर, मातीच्या कोर्टवर होते. अंतिम सामन्यात पाऊस कोसळला, चेंडू चिखलात उसळेना आणि अमेरिकेने कॅनडाला 19-8 असे हरवले. मातीच्या मैदानावरचा खेळ म्हणजे कमी दर्जाचा, असे ज्याला वाटते त्याने हा गुणफलक लक्षात ठेवावा.

आता साधनांकडे वळू. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगावचे वाडे धुंडाळून कागद जमवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला. 1926 च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले. त्यांचीच रीत इथे लागू पडते, फक्त वाड्याऐवजी माजी खजिनदाराचे घर. इतिवृत्ताची वही, पावती पुस्तकांची स्थळप्रत, डेडस्टॉक रजिस्टर ही आपली मोडी कागदपत्रे. डेडस्टॉकमधली ‘चेंडू 2, पैकी 1 फुटका’ अशी एखादी नोंद चषकापेक्षा जास्त सांगते. त्या वर्षी सराव कसा झाला असेल, ते तिच्यावरून कळते.

मंडळ नोंदणीकृत असेल तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यामुळे धर्मादाय कार्यालयात त्याची घटना, हिशेबपत्रके आणि चेंज रिपोर्ट सापडू शकतात. कार्यकारिणी कधी बदलली आणि भांडण कधी झाले, याचा अंदाज तिथून येतो. शाळांची हस्तलिखितेही चाळावीत. साने गुरुजींनी अमळनेरच्या वसतिगृहात ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवले होते. अशा कागदांत मुलांचा रोजचा दिवस उतरतो.

एक सावधगिरी. 1906 साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. त्यामुळे शहाद्याच्या मंडळाचे जुने कागद धुळ्याच्या नावाखाली शोधावे लागतात.

आणखी एक पथ्य पाळावे. स्थापनेचे वर्ष जुने दाखवण्याचा मोह प्रत्येक मंडळाला होतो. आठवण आणि नोंद यांत फरक पडला तर दोन्ही लिहाव्यात, पण कोणती कोणती हे सांगून. मुलींचा संघ केव्हा सुरू झाला आणि केव्हा बंद पडला, हे मुद्दाम विचारावे. आपणहून कोणी सांगत नाही.

वाचकांना एवढीच विनंती: दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर मंडळाची जुनी वही निघाली तर ती रद्दीत घालू नका. संघाचा फोटो निघाला तर घरातल्या वडीलधाऱ्यांना समोर बसवा आणि फोटोमागे पेन्सिलीने नावे लिहा, डावीकडून उजवीकडे.