पुण्यात बनलेला ‘सूट’ : सूर्याचा न दिसणारा प्रकाश टिपणारा कॅमेरा

आमच्या दिवाळे गावात खाडीत होडी घेऊन जाणारे आता मोबाईलच्या मॅपवर जाळ्याच्या जागेची खूण करून ठेवतात. परवा काकांनी मला विचारलं, “सूर्य तर रोज डोक्यावर असतो रे. मग त्याचा फोटो काढायला पंधरा लाख किलोमीटर लांब कशाला जायचं?”

प्रश्न बरोबर आहे. याचं कारण ओझोन. सूर्याच्या अतिनील प्रकाशातला साधारण 300 नॅनोमीटरच्या खालचा भाग हवेतच अडतो. कातडीसाठी हे बरंच, पण दुर्बिणीची पंचाईत होते. वेदर अ‍ॅपमधला यूव्ही इंडेक्स फक्त खाली पोहोचलेल्या किरणांबद्दल सांगतो. बाकीचे बघायचे तर हवेच्या वर जायलाच हवं.

त्यासाठी पुण्याच्या ‘आयुका’ने इस्रोसोबत ‘सूट’ ही दुर्बीण बनवली. 2 सप्टेंबर 2023 ला ती आदित्य-एल1 यानातून निघाली आणि 6 जानेवारी 2024 ला यान एल1 बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचलं. तिथून सूर्य पृथ्वीआड कधीच जात नाही.

आता कॅमेरा. तुमचा फोन 50 मेगापिक्सेलचा असेल, सूटचा सेन्सर 4096 × 4096, म्हणजे जेमतेम 17 मेगापिक्सेल! खरी कमाल फिल्टरची आहे. 200 ते 400 नॅनोमीटरमध्ये काम करणारे असे 11 फिल्टर आहेत. फिल्टर बदलला की सूर्याच्या वातावरणाचा वेगळा थर दिसतो. उदाहरणार्थ, 280 नॅनोमीटरजवळ मॅग्नेशियमच्या प्रकाशात क्रोमोस्फिअर दिसतं. आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोंमधले रंग नंतर भरलेले असतात. सेन्सर फक्त उजेड कमी की जास्त एवढंच मोजतो. म्हणून फोटो खोटा ठरत नाही.

22 फेब्रुवारी 2024 ला सूर्यावर एक्स6.3 दर्जाची मोठी ज्वाळा उठली. सूटला खालच्या थरांत चमक वाढताना दिसली आणि त्याच सुमारास वरच्या कोरोनाचं तापमानही चढलं. खालची आणि वरची घडामोड जोडलेली आहे, हे त्यातून कळलं.

काकांच्या मोबाईलशी याचा संबंध आहे. ज्वाळेतले एक्स-रे आणि तीव्र अतिनील किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर येतात, आयनोस्फिअर ढवळून काढतात, आणि जीपीएसचा सिग्नल त्यातूनच खाली येतो. मग मॅपवरचा निळा ठिपका काही मीटर सरकू शकतो. सूट काही मोबाईलवर इशारा पाठवत नाही, पण ज्वाळा कशी पेटते हे समजल्याशिवाय अंदाज तरी कसा बांधणार?

सूटचा डेटा इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवर नोंदणी करून फुकट मिळतो. फाईल ‘फिट्स’ फॉरमॅटमध्ये असते, फोनच्या गॅलरीत उघडणार नाही. त्यासाठी लॅपटॉप घ्या.