एकच मंत्र

विद्या दिल्याने वाढते, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु उच्चारताच नाहीशी होणारी विद्या जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाने १९५० साली ‘द डायिंग अर्थ’ या ग्रंथात कल्पिली. तेथील मांत्रिकाच्या मनात मोजकेच मंत्र मावत, व योजलेला मंत्र स्मृतीतून पुसला जाई. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ च्या खेळात ही कल्पना उतरली. प्रारंभी मांत्रिकाच्या मंत्रांच्या पायऱ्या सहा होत्या. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने त्या नऊ केल्या. शेवटच्या पायरीवर काळ थांबविणारा मंत्र आला, तसाच इच्छा पुरविणाराही. मात्र पुढे कोणते संकट उभे राहील हे ठाऊक नसता मंत्र आधीच निवडून ठेवावा लागे. २०१४ च्या आवृत्तीने हा नियम सैल केला. तरी विसाव्या श्रेणीचा मांत्रिकही नवव्या पायरीचा मंत्र एका दीर्घ विश्रांतीनंतर एकदाच योजू शकतो. निवड ऐन प्रसंगावर गेली, टळली नाही. बदलीचा हुकूम येताच एका ट्रंकेत संसार बसविणाऱ्या आम्हां परप्रांतस्थांना हा पेच परका नाही. सामर्थ्य वाढल्याने निवड सुटत नाही; ती अधिकच अवघड होते, असे आम्हांस वाटते.